कानातून बोटात

बुधवारी दुपारी सव्वादोन वाजता पुष्पलता गावंडे यांचा कान चौथ्यांदा त्रेचाळीस टक्क्यांवर येऊन मेला.

पडद्यावर निळी पट्टी सरकत होती ती थांबली, पान पांढरंफटक पडलं आणि मधोमध एक ओळ उमटली : 'हे पान दाखवताना अडचण आली.' त्यांच्या मुलीने, अनघाने टेबलावर हात आपटला. हा संगणक तिने सकाळीच पॉलिटेक्निकमधून, प्राचार्यांच्या विनवण्या करून, रिक्षात मांडीवर धरून आणला होता. घरच्यापेक्षा आठपट मेमरीचा.

"आठपट!" ती म्हणाली. "तरी त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीसच. हे काय पाढे पाठ करून राहिलं का?"

"ओरडू नको. मला ऐकू येतं."

"येतं ना. शुक्रवारी पाचपर्यंत येतं."

बोलून गेल्यावर अनघाने जीभ चावली. पुष्पाताईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पंखा एक घर वाढवला. अकोल्याचा मे महिना होता. पडदे ओले करून लावले होते आणि ते तासाभरात वाळत होते.

अकरा वर्षांपूर्वी, २०३२ साली, एका तापात पुष्पाताईंच्या दोन्ही कानांच्या नसा गेल्या होत्या. जिने एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात कानांवर पोट भरलं, तिच्यावर ही वेळ यावी, असं शेजारपाजारचे म्हणाले, पण ते तिला ऐकूच आलं नाही. नस गेलेली असल्यामुळे नेहमीच्या यंत्राचा उपयोग नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूच्या देठाशी, तांदळाच्या दाण्याएवढी एक पट्टी बसवली. कानामागच्या यंत्राने आवाज पकडायचा आणि त्या पट्टीतून मेंदूला हलके विजेचे टोचे द्यायचे.

पहिल्या दिवशी जगातले सगळे आवाज पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारखे ऐकू आले. अनघा 'आई' म्हणाली तेही तसंच, आणि कुकरची शिट्टीही तशीच.

पण हे यंत्र शिकणारं होतं. बाई कशाला मान डोलावतात, कशाला 'काय?' म्हणतात, कुठला शब्द पुन्हा विचारतात, हे सगळं ते टिपून ठेवी आणि कुठल्या आवाजाला कुठला टोचा द्यायचा याचा नकाशा रोज थोडा सुधारी. दिवसभराची शिकवणी कंपनीच्या भांडारात जमा होई आणि सकाळी त्यातला लागेल तेवढा भाग कानामागच्या यंत्रात उतरे. सगळा नकाशा त्या करंगळीएवढ्या यंत्रात मावणारा नव्हताच. अकरा वर्षांत तो अवाढव्य झाला होता. त्यात दूधवाल्याची घंटा होती, समोरच्या इंगळ्यांचं घसा खाकरणं होतं, आणि सगळ्यांत जास्त जागा अनघाच्या आवाजाने अडवली होती.

कारण शिकवणी अनघानेच घेतली. तीन वर्षं, रोज सकाळी, चहाच्या आधी. ती वर्तमानपत्रातली तापमानाची यादी वाचायची : अकोला चव्वेचाळीस पूर्णांक एक, चंद्रपूर पंचेचाळीस पूर्णांक दोन, बुलढाणा एकोणचाळीस. संदर्भावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून यादी. पुष्पाताईंनी आकडे परत म्हणायचे. चुकले की दोघी रडकुंडीला येत. त्या तीन वर्षांत अनघाने एक चांगली नोकरी नाकारली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, हेच पुष्पाताईंना जास्त बोचत असे.

आता ती कंपनी बंद पडत होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता भांडार कायमचं बंद होणार होतं. त्यानंतर कानातलं यंत्र पहिल्या दिवसाच्या नकाशावर जाणार, म्हणजे परत मधमाश्या. दुसऱ्या एका कंपनीचं यंत्र नागपूरहून आलेलं होतं आणि डबीत वाट पाहत होतं. तोच नकाशा त्यात चालणार होता. पण तो आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यायला हवा होता. आणि तो त्रेचाळीस टक्क्यांच्या पुढे यायला तयार नव्हता.

दुपारी पुष्पाताई पडल्या होत्या, तेव्हा स्वयंपाकघरातून अनघाचा दबका आवाज आला. ती फोनवर होती.

"सर, सोमवारी नाही जमलं तर… नाही सर, बंदराचं काम मला हवंच आहे. आईचं जरा… आठ दिवस नाही, जास्तच लागतील कदाचित. मग तुम्ही दुसऱ्या कुणाला… हो. समजते मी."

पंखा चालू होता, भिंत मध्ये होती, तरी शब्द न् शब्द कळला. विशाखापट्टणमच्या बंदरावर दोन वर्षांची नेमणूक होती. एकोणपन्नासाव्या वर्षी अशी संधी तिसऱ्यांदा येत नाही, एवढं कळायला कान लागत नव्हते. पुष्पाताई छताकडे बघत राहिल्या. परत तीन वर्षं ही पोरगी माझ्यासमोर बसून चंद्रपूरचं तापमान वाचणार. नाही. ते व्हायचं नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी अनघाच्या हातातून फोन काढून घेतला.

"त्या मदत केंद्राशी मी बोलते."

"आई, तांत्रिक आहे ते."

"फोनवर बोलणं हे माझं तांत्रिकच होतं. तू चहा टाक."

बऱ्याच वेळाने पलीकडून कुणीतरी उचललं. "नमस्कार, मी फरहीन. आपला रुग्ण क्रमांक सांगता का?"

"चार शून्य एक सात. मुली, तू एकटीच आहेस का तिथे? मागे कुणाचाच आवाज नाही. खोली रिकामी वाटते."

"एकटीच आहे, मावशी. बाकीचे गेल्या आठवड्यात गेले. पण तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्याच कंपनीचा कान आहे. चांगला केलाय. तो मला परत हवाय."

फरहीनने सगळं ऐकून घेतलं. मग थकलेल्या, पण सरळ आवाजात समजावून सांगितलं. नकाशा खाजगी, त्यातून बाईंच्या घरात कोण काय बोलतं तेही काढता आलं असतं. म्हणून तो कुलूपबंद ठेवलेला, आणि किल्ली फक्त बाईंच्या कानामागच्या यंत्रात. त्यामुळे साधी फाइल पाठवतो तशी ही पाठवता येत नव्हती. ब्राउझरमध्ये कंपनीचं पान उघडायचं; ते पान नकाशाचा एकेक तुकडा आणतं, बाईंच्या किल्लीने तिथल्या तिथे उघडतं.

"आणि ठेवतं कुठे?" पुष्पाताईंनी विचारलं.

"तीच तर गोम आहे. मावशी, संगणकात दोन जागा असतात. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा, आणि डिस्क म्हणजे फडताळ. हे पान उघडलेला प्रत्येक तुकडा ओट्यावर ठेवतं. सगळे जमले की एकदम फडताळात टाकणार. पण ब्राउझर एका पानाला ठरावीकच ओटा देतो. तो भरला की पान मरतं. आणि पान मेलं की ओट्यावरचं सगळं गेलं."

"म्हणून आठपट मेमरी आणून काही झालं नाही!" अनघा मागून म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

"स्वयंपाकघर आठपट मोठं आणलंत, ताई. पानाच्या वाट्याचा ओटा तेवढाच राहिला. आम्ही चाचणी घेतली ती नव्या पेशंटच्या नकाशांवर. दोन-चार महिन्यांचे नकाशे असायचे, ओट्यावर आरामात मावायचे. दहा-अकरा वर्षं ऐकणाऱ्या माणसाचा नकाशा कुणी तपासलाच नाही. जुने सगळेच पेशंट कुठे ना कुठे अडकलेत. मला दिवसभर हेच फोन येतायत."

पुष्पाताईंनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. ओटा, फडताळ, तुकडे. हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, केलं होतं.

"म्हणजे तुझं पान आधी सगळं ऐकून घेतं आणि मग लिहायला बसतं," त्या म्हणाल्या.

"हो, तसंच म्हणा."

"खापर्डेबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी हाकललं असतं."

"कुणी?"

१९८३ साली वीस वर्षांच्या पुष्पलता यांना अकोल्याच्या तारघरात फोनोग्रामच्या टेबलावर बसवलं होतं. लोक टेलिफोनवरून तार सांगत, बाहेरच्या छोट्या गावांची तारघरं फोनवरून तारा पाठवत. हेडफोनमधून ऐकायचं आणि समोरच्या टाइपरायटरवर उतरवायचं. पहिल्या दिवशी मूर्तिजापूरहून एक भलीमोठी तार आली. पुष्पलता हुशार मुलगी, पाठांतराची बक्षिसं मिळवलेली. तिने पहिली चार वाक्यं मन लावून ऐकली, डोक्यात नीट मांडली आणि टाइप करायला बोटं उचलली. तोपर्यंत पाचवं वाक्य निघून गेलं, सहाव्याने दुसरं पुसून टाकलं, आणि शेवटी तिच्याकडे एका माणसाचं नाव आणि 'ताबडतोब' एवढंच उरलं. मागे सुपरवायझर निर्मला खापर्डे उभ्या होत्या. अंगाने किरकोळ, आवाजाने जबरी.

"डोकं हे गोदाम नाही, पोरी," त्या म्हणाल्या होत्या. "डोकं हा रस्ता आहे. शब्द आला की कानातून बोटात. बोटातून कागदावर. कागदावर पडला की विसरून जा, पुढच्याला जागा कर. तार किती का लांब असेना, तुझ्याजवळ एका वेळी एकच शब्द."

आठवडाभरात तिला ते जमलं. नंतर एकदा तीनशे शब्दांची तार तिने पान खात उतरवली आणि कशाबद्दल होती हे विचारल्यावर तिला सांगता आलं नाही. खापर्डेबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तिची पाठ थोपटली.

हे सगळं पुष्पाताईंनी फरहीनला सांगितलं, पान खाल्ल्याचं सोडून.

"आणि शेवटी सांगणारा शब्दसंख्या सांगायचा. शब्द चौदा. आपण आपले मोजायचे. तेराच भरले तर सगळी तार परत मागायची नाही. कुठला गेला ते शोधायचं आणि तेवढाच परत मागायचा. तुझं पान तर पहिल्यापासून सुरुवात करतं. चार वेळा केली त्याने."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज पुष्पाताईंना ऐकू आला.

"मावशी," फरहीन म्हणाली, "हे करता येतं. ब्राउझरमध्ये तशी सोय आहे. सुरुवातीलाच तुमच्याकडून फडताळातली जागा मागून घ्यायची. मग तुकडा आला, उघडला, की सरळ तिथे लिहायचा, ओटा पुसायचा, पुढचा घ्यायचा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, नीट पोचला का ते तपासायला ताळा पण आहे. खरं सांगू? मी पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं."

"मग?"

"त्यात सुरुवातीला एक प्रश्न विचारावा लागतो. कुठे ठेवू, लिहायची परवानगी आहे का, असा. बैठकीत ठरलं की…" ती अडखळली.

"बोल, बोल."

"की वयस्कर लोक तो प्रश्न बघून घाबरतील. म्हणून काढून टाकलं."

अनघाला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

"घाबरतात हो वयस्कर लोक," पुष्पाताई म्हणाल्या. "बाई, तू तुझं जुनं लिखाण परत घाल. कुणाची परवानगी लागेल का?"

"विचारायला कुणी उरलंय कुठे?" फरहीनच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला. "उद्या दुपारपर्यंत करते. तुमच्या एकटीसाठी नाही, सगळ्यांसाठी पान बदलते. फक्त तो प्रश्न तुम्ही लिहून द्या. माझ्या मराठीला लोक खरंच घाबरतील."

पुष्पाताईंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीनदा खोडून लिहिलं आणि वाचून दाखवलं : 'तुमचा कान ठेवायला जागा दाखवा. मग हो म्हणा. चुकलं तर मी परत विचारीन, रागावणार नाही.'

शुक्रवारी बारा चाळीसला पान बदललं. अनघाने जागा दाखवली, 'हो' पुष्पाताईंनी स्वतः दाबलं. पट्टी सरकू लागली. आता पट्टीखाली आकडेही होते. एकूण तुकडे ७,११२. फडताळात पोचले : एक. दोन. पाच.

जेवणं कुणालाच गेली नाहीत. चाळीस टक्क्यांना अनघा उठून उभी राहिली. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीसला तिने आईचा दंड धरला, आणि पुष्पाताईंना तिचा थांबलेला श्वास ऐकू आला. थांबलेला श्वास ऐकू येणं म्हणजे आधी चालू असलेला ऐकू येत होता हे कळणं. हेही त्या नकाशातच कुठेतरी होतं.

चव्वेचाळीस.

"गेलं गं, आई! पार झालं!"

"बस खाली. खुर्ची पडेल."

तीन वाजता वीज गेली. इन्व्हर्टरने संगणक सावरला, पण इंटरनेटचा डबा बंद पडला, आणि तो परत उठेपर्यंत अठरा मिनिटं गेली. कालचं पान असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. आजच्या पानावर शांतपणे ओळ आली : 'थांबलो आहे. ४,९०६ तुकडे जागेवर आहेत. पुढचा मागतो.' आणि त्याने ४,९०७ वा मागितला.

चार अडतीसला पट्टी संपली आणि हिरवी व्हायच्या ऐवजी पिवळी झाली. 'तुकडा २,६५० चा ताळा जुळत नाही. तेवढाच परत मागत आहे.'

"एकच आहे," पुष्पाताई म्हणाल्या. बोटं मात्र त्यांनी पदरात घट्ट गुंडाळली होती. त्या एका तुकड्यात काय असेल कुणास ठाऊक. इंगळ्यांचा खोकला असेल तर राहिला तरी चालेल. पण नसेल तर?

चार चव्वेचाळीसला हिरवं झालं. ७,११२ पैकी ७,११२.

फोनवर फरहीनचा निरोप आला : 'तुमचा उतरला, पाहिलं. आतापर्यंत एकशे चाळीस जणांचे उतरले. एका आजोबांनी कळवलंय की प्रश्न सभ्य आहे.'

अनघा नवं यंत्र काढू लागली, तर पुष्पाताईंनी हात धरला. "थांब. पाच वाजू दे."

"कशाला?"

"टेलिफोनचा बोर्ड बंद व्हायचा असला की मी शेवटपर्यंत बसायचे. सवय आहे."

पाच वाजले. दोन मिनिटं काही झालं नाही. मग पंख्याचा आवाज पातळ झाला, पत्र्याचा झाला आणि अनघा काहीतरी म्हणाली ती मधमाशी होऊन. अकरा वर्षांपूर्वीची भीती जशीच्या तशी जागी झाली. पुष्पाताईंनी कानामागचं जुनं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. सगळं शांत झालं.

नव्या यंत्रात नकाशाचा लागेल तेवढा भाग बसायला चाळीस मिनिटं लागली. त्या काळात अनघाने पाटीवर लिहिल्यासारखं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून विचारलं, 'चहा?' आणि पुष्पाताईंनी मान डोलावली. मग अनघाने यंत्र त्यांच्या कानामागे बसवलं, समोरची खुर्ची ओढली आणि सकाळचं वर्तमानपत्र उघडलं.

"अकोला," तिने वाचलं, "चव्वेचाळीस पूर्णांक सहा. चंद्रपूर पंचेचाळीस पूर्णांक तीन. बुलढाणा…"

पुष्पाताईंनी आकडे परत म्हटले नाहीत.

"आई? ऐकू आलं का? ब्रह्मपुरी शेहेचाळीस…"

"तुला सर्दी झालीये," पुष्पाताई म्हणाल्या.

अनघाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "कालपासून," ती म्हणाली, आणि मग हसता हसता तिला रडू आलं, का रडता रडता हसू आलं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. समोरच्या घरात इंगळ्यांनी घसा खाकरला. तोही अगदी त्यांच्यासारखाच खाकरला.

"आता उठ," पुष्पाताई म्हणाल्या. "तुझ्या साहेबांना फोन कर. सोमवारी येते म्हणावं. आणि पुन्हा कधी स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात बोलू नको. मला भिंतीपलीकडचं ऐकू येतं."

सोमवारी दुपारी फोन वाजला. पुष्पाताईंनी पहिल्या घंटेला उचलला. पलीकडे वाऱ्याचा मोठा आवाज होता, त्यामागे काहीतरी जड लोखंडी सरकत होतं, आणि त्या सगळ्याच्या पुढे अनघा, अर्धी सर्दी शिल्लक असलेली.

"तार घ्या," ती तोऱ्यात म्हणाली. "पोचले. खोली बरी. खिडकीतून जहाजं दिसतात. जेवलीस का. काळजी नको. शब्द अकरा."

पुष्पाताईंची बोटं मांडीवर आपोआप हलली होती. त्यांनी पुन्हा एकदा मोजले.

"दहाच भरतात," त्या म्हणाल्या. "एक कमी आहे."

पलीकडे अनघा हसली. "बरोबर. मुद्दाम गाळला होता. तुझं यंत्र तपासत होते. 'आई' राहिला."

"मग तेवढाच परत सांग."

तिने सांगितला.